काशीत सोडायची भाजी

काशीला जाऊन आवडती वस्तू सोडल्याशिवाय जिवाची सुटका नाही, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत, आणि या श्रद्धेपुढे मी नम्र आहे. आमच्या गल्लीतून तोवर नऊ माणसं काशीला जाऊन आली होती. भंगाळेकाकूंनी कारलं सोडलं. लग्नाच्या पंक्तीतसुद्धा त्यांनी कधी कारल्याला ताटात जागा दिली नव्हती. अत्तरदे आजोबांनी फणस सोडला. जळगावात फणस दिसला तर लोक सायकल थांबवून बघतात. माझ्या सख्ख्या काकांनी सीताफळ सोडलं, पण ते मधुमेहाच्या डॉक्टरांनी आधीच सोडवलेलं होतं. काशीने नुसता शिक्का मारला.

"मी वांगं सोडणार," फुई म्हणाली.

कांदेनवमीची सकाळ होती. दोन दिवसांनी आषाढी, आणि आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरात वांगं बंद. म्हणून त्या दिवशी भरीत ठरलेलं. मागच्या अंगणात तुराट्या पेटल्या होत्या, त्यांच्यावर हिरवी लांबट वांगी आडवी पडली होती, आणि फुई पाटावर बसून एकेकाचं देठ चिमटीत धरून कूस बदलून देत होती.

फुई म्हणजे माझी आत्या. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. नवरा टायफॉइडने गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची. एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडे परत आली आणि राहिली. पुढे माझे आईवडील गेले, मी कॉलेजात लागलो, कल्याणीशी माझं लग्न झालं. या सगळ्यात पेटी फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली.

"वांगं?" मी म्हणालो. "फुई, वांगं कोणी सोडतं का?"

"मग काय सोडू?"

"गिलकं सोड. कारलं सोड. लोक काय सोडतात ते बघ ना."

"जे आवडत नाही ते सोडायला काशीपर्यंत कशाला जायचं? ते मी इथे बसूनच सोडलंय."

"आणि फळ कुठलं?" कल्याणीने विचारलं. भाजीबरोबर एक फळही सोडायचं असतं.

"केळी."

जळगावात राहून केळी सोडायची म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ सोडण्यातला प्रकार. बाई गंभीर आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आता माझी बाजू सांगतो, कारण ती फारशी चांगली नाही. मला फुईच्या मोक्षाची काळजी नव्हती. मला मिठाची काळजी होती. फुई भरीत करायची ते मापाने नव्हे. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत बडवायची, लसूण-मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल. आणि मग करंगळीवर कणभर घेऊन जिभेला लावायची. डोळे किंचित बारीक व्हायचे. मग एक चिमूट मीठ, कधी अर्धी. तेवढ्या त्या चिमटीवर आमचं घर उभं होतं. वांगं सोडलं की करंगळी जिभेला लागणार नाही. आणि फुईनंतर घरात भरीत करता येणारी दुसरी व्यक्ती म्हणजे माझी बायको. कल्याणी मूळची आमच्याच यावलकडची, पण तिच्या घरच्यांनी दोन पिढ्या चिंचवडला काढल्या आणि त्या मुक्कामात भरितात साखर घालण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायचो. वर्गात अकरा मुलं असायची, त्यातली सात इतिहासात जागा न मिळाल्यामुळे आलेली. या शास्त्राचा आयुष्यात उपयोग काय, असं ती विचारायची, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसायचं. त्या दिवशी जेवण झाल्यावर मला उत्तर सापडलं. ते कपाटाच्या खणात होतं.

मेहुण्याने आदल्या वर्षी पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनातून विदेशी भाज्यांच्या बियांची पाकिटं आणून दिली होती. त्यातलं एक मी फुईपुढे ठेवलं.

"हे बघ. ही बडीशेपच आहे, पण हिला खाली कांद्यासारखी गड्डी धरते. लोक ती गड्डी भाजी म्हणून खातात."

फुईने चष्मा लावला. चित्रात पांढरीशुभ्र, मुठीएवढी गड्डी होती आणि वर शेपूसारखा हिरवा पिसारा.

"कोण लोक?"

"इटलीतले."

"त्यांच्याकडे वांगी नाहीत का?"

"असतील. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की एक भाजी सोडायची असते. कुठली, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. ही भाजी आहे. तू ही सोड. जन्मात परत समोर येणार नाही. वांगं वाचलं."

फुई बराच वेळ चित्र बघत राहिली. मग तिने स्वयंपाकघराच्या दिशेला एकदा पाहिलं. तिथे सकाळचं उरलेलं भरीत झाकून ठेवलेलं होतं. तिलाही वांगं सोडवत नव्हतं, हे मला त्या नजरेत दिसलं.

"ज्याची चव ठाऊक नाही ते सोडलं म्हणजे काय सोडलं?" ती म्हणाली.

"मग पुण्याहून मागवतो. मोठ्या दुकानांत मिळते. एकदा खाऊन बघ."

"एकदा खाल्ली आणि सोडली, ती तर प्रवासातली ओळख झाली. दारात लावू. रोज पाणी घालू. मग खाऊ. मनापासून आवडली तर तीच सोडीन. नाही आवडली तर वांगं." तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "आणि हेमू, आवडली नसताना आवडली म्हणायची नाही मी. खोटं बोलून काशीला जायचं नसतं."

भजनी मंडळाची गाडी दोन फेब्रुवारीला निघणार होती. पाकिटावर नव्वद दिवस लिहिलं होतं. हातात सात महिने. मी इतका निवांत होतो की पाकिटावरचा बाकीचा मजकूर वाचलाच नाही.

पहिली लावण मी लगेच केली. ट्रेमध्ये बी टाकलं, रोपं बोटभर झाली, ती मिरचीच्या रोपांसारखी उपटून मागच्या अंगणातल्या वाफ्यात ओळीने लावली. वीस रोपं. पंधरा ऑगस्टनंतर पाऊस गायब झाला आणि जळगावात ऊन परत आलं, जणू काही विसरलं होतं ते न्यायला. रोपं मात्र जोमात होती. सरसर वाढली. सप्टेंबरात माझ्या कमरेला लागली. मी कॉलेजात तीन जणांना सांगितलं.

शेजारचे बोंडेकाका एकदा कुंपणावरून डोकावले. काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी चौतीस वर्षं लोकांना सल्ला दिला होता, आणि तो कोणी मानल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

"काय लावलंय हे? शेपू?"

"गड्डीची बडीशेप."

"गड्डी कुठाय?"

"धरेल."

काका आत आले. वाकून त्यांनी एका रोपाचं बूड दोन बोटांत धरलं. ते पेन्सिलीएवढं होतं. वर मधोमध एक जाड दांडा निघाला होता आणि त्याच्या टोकाला छत्रीसारखी पिवळी फुलं येऊ घातली होती.

"हे डेंगळे आले, मास्तर."

डेंगळा म्हणजे काय हे कांद्याच्या मुलखात पोरालाही कळतं. गड्डा सोडून कांदा फुलावर गेला, की खाली काही उरत नाही.

"सगळ्यांनाच?" मी विचारलं.

काकांनी वीसच्या वीस बुडं दाबून बघितली. या कामात त्यांना आनंद होत होता असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी एकही रोप वगळलं नाही.

"रोप करून लावलं ना? तिथेच चुकलं. हिला जागेवरून हलवलेलं चालत नाही. मूळ दुखावलं की ती घाबरते. वरून हे ऊन, त्यात तुम्ही पाणी घालणार आठवण येईल तेव्हा. तिला वाटतं, आता आपण मरणार. मरायच्या आधी बी टाकायची घाई होते. मग गड्डी कोण धरतं?"

फुई पायरीवर गवार मोडत बसली होती.

"शहाणी आहे," ती म्हणाली. "आम्हाला तर उपटून दुसरीकडे लावतात, आणि वर विचारतात, इथे रुजत का नाही."

काका हसले. मीही हसलो. फुई गवार मोडत राहिली.

"मग आता काय करायचं, बोंडेभाऊ?" तिने विचारलं. "वांगं जातंय माझं."

काकांना प्रकरण माहीत नव्हतं. फुईने ते त्यांना चार वाक्यांत सांगितलं. काकांच्या चेहऱ्यावर चौतीस वर्षांत प्रथमच कोणीतरी सल्ला मागितल्याचा भाव आला.

"दसरा होऊ द्या. रात्री जरा गार पडू द्या. मग बी थेट वाफ्यातच टाकायचं, अर्ध्या बोटापेक्षा खोल नाही. जिथे उगवेल तिथेच वाढेल. तोवर माती सुधारू. ही काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने तडकते, हिच्यात गड्डी फुगायची कशी? शेणखत घाला, थोडी वाळू घाला, वाफा वीतभर उंच करा. आणि पाणी." काकांनी माझ्याकडे बघून बोट वर केलं. "रोज. एकाच वेळी. थोडं. हिला कळताच कामा नये की जगात दुष्काळ नावाची गोष्ट आहे."

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी फुईने पदर खोचला, बोटाने सरळ रेघ ओढली आणि पाकिटातलं उरलेलं बी स्वतः टाकलं. मला हात लावू दिला नाही. "तुझा हात शास्त्राचा आहे," ती म्हणाली. दहा-बारा दिवसांनी हिरवे केस उगवले. ते बोटभर झाल्यावर दोन रोपांत एक वीत आणि चार बोटं अंतर ठेवून बाकीची तिने उपटली. कल्याणीने त्या उपटलेल्या रोपांची मुगाची डाळ घालून भाजी केली. ती दोन दिवस फक्त मी खाल्ली. वाफ्यात अकरा रोपं राहिली. माझ्या वर्गाएवढीच.

आमच्या भागात नळाला पाणी दिवसाआड यायचं, आणि कधी कधी नगरपालिकेचा दिवस आपल्या दिवसापेक्षा मोठा असायचा. जगात दुष्काळ नसल्याचं नाटक अकरा झाडांपुढे रोज सकाळी साडेसहाला करायचं, तर दुष्काळ कोणीतरी सोसायला हवा. तो मी सोसला. नोव्हेंबरात एकदा चार दिवस नळ आला नाही. मी तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकली.

"अहो, बायका नवऱ्यासाठी उपास करतात," कल्याणी म्हणाली. "तुम्ही वांग्यासाठी पारोसे राहता."

बोंडेकाकांनी केळीची वाळलेली पानं आणून रोपांच्या बुडाशी अंथरली, म्हणजे ओल टिकेल. फुई रोज पान उचलून खाली बोट खुपसायची. माती गार लागली की तिला बरं वाटायचं. ती त्यांच्याशी बोलायची नाही. बोलणाऱ्या बाईला झाडं लबाड म्हणतात, असं तिचं मत होतं. नुसती बसायची.

चंपाषष्ठीला पाच महिन्यांनी वांगं घरात आलं. भरीत झालं, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी झाली. फुईने करंगळी जिभेला लावली, डोळे बारीक केले, चिमूटभर मीठ टाकलं. जेवताना मात्र तिने एकदाच वाढून घेतलं.

"का गं? बरं वाटत नाही का?"

"सवय करून बघते. तुझ्या गड्डीचा काय भरवसा."

त्याच आठवड्यात गड्ड्यांनी अंग धरलं. पानांचे देठ बुडाशी एकमेकांना बिलगून फुगायला लागले. कबुतराच्या अंड्याएवढे, मग कोंबडीच्या. तेव्हा काका खुरपं घेऊन आले आणि म्हणाले, "आता भर द्यायची." दोन्ही बाजूंनी माती ओढून त्यांनी गड्ड्या अर्ध्या झाकल्या. उन्हापासून लपली की ती पांढरी राहते, कोवळी राहते. फुईने पुढे होऊन प्रत्येकीच्या मानेपर्यंत माती दाबली, तान्ह्याला दुपट्यात गुंडाळावं तशी.

जानेवारीत थंडीने कमाल केली. सकाळी गच्चीवरून बघितलं की केळीच्या बागांवर धुकं दिसायचं. केळीवाले धास्तावले, केळीला थंडी सोसत नाही. बडीशेपेला मात्र ती मानवली. एकही डेंगळा नाही. गल्लीतली माणसं मुद्दाम येऊन बघून जायची. भंगाळेकाकू म्हणाल्या, "सोडायला इतकी मेहनत? मी तर कारलं तीन सेकंदांत सोडलं."

सव्वीस जानेवारीला कॉलेजातलं झेंडावंदन आटोपून मी घरी आलो. काका आधीच येऊन बसले होते. फुईने विळा घेतला आणि सर्वांत मोठी गड्डी मातीच्या जरा वर कापली. "मूळ राहू दे," काका म्हणाले, "बाजूने परत फुटवे येतील." गड्डी फुईच्या तळहातावर मावत नव्हती. कापल्याबरोबर सगळ्या अंगणात बडीशेपेचा वास पसरला, लग्नाची पंगत नुकतीच उठल्यासारखा.

तिने ती कागदासारखी पातळ चिरली. लिंबू पिळलं, मीठ लावलं, मूठभर दाण्याचं कूट टाकलं. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. सहा महिने आणि एकतीस रोपं त्या एका घासात होती.

फुईने सावकाश चावलं. करकर आवाज आला. गिळलं. मग दुसरा काप उचलला. मग तिसरा.

"आवडली?" मी विचारलं.

"थांब रे." चौथा काप. "आधी गार लागते. मग गोड. गिळल्यावर वास राहतो." तिने तोंड पुसलं. "आवडली."

"खरंच?"

"खोटं बोलून काशीला जाऊ?"

"वांग्याइतकी?"

तिने विचार केला.

"सोडताना दुखेल," ती म्हणाली. "तेवढं पुरे."

बोंडेकाकांनी डोळे टिपले. कल्याणीने एक काप खाल्ला आणि जेवणाआधीच बडीशेप खाल्ल्यासारखं वाटतं म्हणाली. मी दोन्ही हात वर करून अंगणात उभा होतो, आणि माझ्या मते तो तर्कशास्त्राचा विजय होता. पुढच्या सहा दिवसांत फुईने आणखी तीन गड्ड्या खाल्ल्या. सोडायच्या आधी पोटभर ओळख असावी, म्हणून.

दोन फेब्रुवारीला पहाटे भजनी मंडळाची गाडी गेली. चौदाला फुई परत आली. गंगेच्या पाण्याची तांब्याची लोटी, आम्हा दोघांना काळे गंडे, बोंडेकाकांना सुपारीचा गणपती. चेहरा उन्हाने रापलेला, पण हलका. मी आदल्या दिवशी जाऊन तीन किलो वांगी आणून ठेवली होती. हिरवी, देठाशी काटेरी, नखाने दाबली तर लोण्यासारखी. तुराट्या रचून ठेवल्या होत्या. बोंडेकाकांना जेवायला बोलावलं होतं.

फुई पाटावर बसली. वांगी भाजली, सोलली, बडगीत बडवली. ठेचा घातला, पात घातली, दाणे घातले, तेल सोडलं. सगळं नेहमीसारखं. मग बडगी माझ्यापुढे सरकवली.

"मीठ बघ."

"तू बघ ना."

"तू बघ."

मी तिच्याकडे बघितलं. कल्याणी भाकरी थापता थापता थांबली.

"फुई, तू गड्डी सोडलीस ना?"

फुईने तेलाचा हात पदराला पुसला. पदराला तेलाचा हात पुसणाऱ्या बाईला ती एरवी बोलल्याशिवाय राहायची नाही.

"घाटावर आम्ही तेवीस बायका," ती म्हणाली. "गुरुजींना घाई. म्हणाले, एकेकीला नाव-गाव-भाजी विचारत बसलो तर अंधार होईल. सगळ्यांनी ओंजळीत पाणी घ्या, डोळे मिटा. ज्याच्या नावाने सोडताय त्याला आधी मनात आणा, मग वस्तू आणा, आणि ओंजळ सोडा."

"मग?"

"मग मी तुझी गड्डी आणली ना मनात. आधी तीच आणली, चुकेल म्हणून. चांगली पांढरी, मातीतून मान वर काढलेली. पण गुरुजींनी आधी त्यांना आणायला सांगितलं होतं."

'त्यांना' म्हणजे फुवांना, तिच्या नवऱ्याला. त्यांचा उल्लेख फुईच्या तोंडून मी आयुष्यात तीनदा ऐकला असेल, त्यातले दोन रेशनकार्डाच्या कामाला.

"ते आले ते ताटावर बसलेलेच आले. पुढ्यात भरीत."

तुराटीची एक काडी विझत आली होती. कल्याणीने ती उगाचच सारखी केली.

"वाईट नव्हते रे ते," फुई म्हणाली. "वाईट असते तर सोपं होतं. चार वर्षं माझ्या हातचं खाल्लं. दर वेळी म्हणायचे, छान झालंय. मी एकदाही अजून घ्या म्हटलं नाही. मला ते आवडत नव्हते, हेमू. का, ते मलाही सांगता यायचं नाही. गेले तेव्हा घर भरून बायका रडत होत्या, आणि मी बघत होते चुलीवरचं दूध उतू जातंय का. सत्तेचाळीस वर्षं झाली. म्हटलं, माणूस आवडता नव्हता, निदान त्याच्या नावाने सोडायची वस्तू तरी आवडती असावी. तेवढं तरी खरं असावं."

"पण गड्डी आवडली होती तुला."

"आवडलीच होती. पण त्यांनी कुठे खाल्ली होती गड्डी? ते भरितापुढे बसून राहिले. मी बघत राहिले. ओंजळीतलं पाणी केव्हा सुटलं ते कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा वांगं गेलेलं होतं."

मी तर्कशास्त्राचा माणूस. मी घसा साफ केला.

"फुई, काटेकोर बघितलं तर, मनात आधी गड्डी आली होती. संकल्प तिथेच..."

"हेमू, मीठ बघ."

मी करंगळीवर घेतलं आणि जिभेला लावलं. कमी होतं. किती कमी, ते मला सांगता येईना. मी एक चिमूट टाकली, मग भीत भीत अर्धी. फुई माझ्या बोटांकडे बघत होती.

जेवायला बसलो. फुईने स्वतःच्या ताटात भाकरी, दही आणि गड्डीचे चार काप घेतले; त्यांना आता कसलीच आडकाठी नव्हती. बोंडेकाकांनी पहिला घास घेतला. मीठ जास्त झालं होतं. काकांनी ते चौतीस वर्षांच्या सरकारी संयमाने गिळलं.

"छान झालंय," ते म्हणाले.

"अजून घ्या," फुई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात मोठा डाव वाढला. मग माझ्या. मग परत काकांच्या. बडगी रिकामी होईपर्यंत ती आम्हाला वाढत होती, आणि तिला नाही म्हणायची आमची कोणाचीच छाती झाली नाही.

फुई त्यानंतर अकरा वर्षं होती. दर दसऱ्यानंतर ती वाफ्यात बी टाकायची आणि जानेवारीत गड्ड्या निघायच्या, एकही डेंगळा न येता. बोंडेकाकांनी त्यावर जिल्हा परिषदेत एक व्याख्यानही दिलं. फुईशिवाय घरात ती भाजी कोणाला आवडली नाही.

भरीत आता कल्याणी करते. ती साखर घालते.